रोलर-डिलेड ९ मिमी बंदूक: बरीच वर्षं वापरल्यावर काय टिकतं, काय झिजतं

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: ग्रीन कार्ड हातात आलंय, घर ह्यूस्टनला आहे, आणि २६/११ च्या बातम्यांत एनएसजीच्या जवानांच्या हातात पाहिल्यापासून एमपी५ ही छोटी स्वयंचलित बंदूक मनात बसलीय. आता तिची नागरी आवृत्ती, म्हणजे चाप ओढल्यावर एकच गोळी सोडणारी, घ्यायची म्हणताय. समोर तीन वाटा आहेत: नवी जर्मन एसपी५, ओळखीतल्या एकाकडची तुर्की बनावटीची वापरलेली प्रत, किंवा बऱ्याच कमी पैशांत साधी ब्लोबॅक कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल. पहिल्या दोन रोलर-डिलेड आहेत, तिसरी नाही; फरक काय ते पुढे सांगते. आणि खरा प्रश्न हा की दहा-बारा वर्षं वापरल्यावर यातली रोलरवाली बंदूक कशी राहते, काय मागते.

मी टेक्सासमध्ये नेमबाजीच्या रेंजवर शिकवते आणि बंदूकदुरुस्तीचं काम करते. त्याआधी पुण्यात टूलरूममध्ये होते. माझ्याकडे ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आलेली एक एचके९४ कार्बाइन (एमपी५ चीच जुनी नागरी आवृत्ती) पुष्कळ वर्षं आहे, आणि २०१९ मध्ये एसपी५ बाजारात आल्यावर तीही घेतली. दोन्हींतून हजारो गोळ्या गेल्यात. शिवाय लोकांच्या जर्मन, तुर्की, अमेरिकन प्रती टेबलावर येत असतात. त्या सगळ्यांवरून सांगते.

नीट बनलेली रोलर-डिलेड बंदूक आयुष्यभर पुरते. तिचे झिजणारे भाग स्वस्त असतात आणि बदलायला सोपे असतात. पण एक मोजमाप असं आहे की ते चुकलेलं असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही ती बंदूक घेऊ नये. त्याला म्हणतात बोल्ट गॅप. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त मालकांनी तो कधी मोजलेलाच नसतो. या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

गॅप कळायला आधी आतलं काम कसं चालतं ते बघू.

साध्या ब्लोबॅकमध्ये बोल्टला, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणाऱ्या भागाला, कुलूप नसतं. मागचा जड लोखंडी ठोकळा आणि स्प्रिंग यांच्या जोरावर काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, थोपवून धरलेलं असतं. म्हणून तो ठोकळा जड ठेवावा लागतो. प्रत्येक गोळीला तो मागे जाऊन आदळतो, पुन्हा पुढे येऊन आदळतो, आणि निशाणी (नेम धरायची खूण) दोन्ही वेळा हलते. रोलर-डिलेडमध्ये बोल्टचे दोन भाग असतात: पुढे हलकं बोल्ट-हेड, मागे जड कॅरियर. बोल्ट-हेडच्या दोन बाजूंना दोन छोटे गोल रोलर. नळी ज्या पोलादी ठोकळ्यात बसवलेली असते त्याला ट्रनियन म्हणतात, आणि त्यात या रोलरांसाठी दोन खाचा असतात. कॅरियरच्या टोकाला पाचरीसारखा एक भाग असतो, लॉकिंग पीस. बोल्ट बंद झाला की ही पाचर रोलरांच्या मधे घुसते आणि त्यांना बाहेर, त्या खाचांमध्ये ढकलून धरते.

गोळी सुटली की वायूचा दाब पुंगळीच्या बुडावर येतो आणि बोल्ट-हेडला मागे रेटतो. पण रोलर खाचेत अडकलेले असतात. ते आत यायचे तर पाचरीला मागे सारावं लागतं, आणि पाचरीमागे जड कॅरियर आहे. कोन असे ठेवलेले असतात की बोल्ट-हेड थोडंसं सरकेपर्यंत कॅरियरला त्याच्यापेक्षा बरंच जास्त अंतर जावं लागतं. तेवढ्या अवधीत गोळी नळीबाहेर पडते आणि दाब उतरतो. मग रोलर पूर्ण आत येतात आणि सगळा बोल्ट मागे जातो. नीट पाहिलंत तर कुलूप कधीच पक्कं लागलेलं नसतं. फक्त उघडणं लांबवलेलं असतं, आणि लांबवणारी गोष्ट एकच: कोन. पाचरीचा कोन लहान केला की उशीर वाढतो. याच रचनेच्या जर्मन जी३ रायफलीचं काडतूस जोरकस, म्हणून तिच्या पाचरीचा कोन ४५ ते ५० अंशांच्या घरात. एमपी५ चं काडतूस पिस्तुलाचं, म्हणून तिथे तो शंभरच्या आसपास आणि वर.

हे घराणं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी माउझर कारखान्यातल्या अभियंत्यांनी या रचनेवर काम केलं. युद्धानंतर त्यांच्यातले लुडविग फोर्ग्रिमलर आधी फ्रान्समध्ये आणि मग स्पेनला सेटमे या शस्त्रसंस्थेत गेले. तिथे बनलेल्या रायफलीतून ही रचना जर्मनीत परत आली आणि १९५९ मध्ये जी३ म्हणून सैन्यात दाखल झाली. ओबेर्नडोर्फच्या हेक्लर अँड कॉख कंपनीने तीच रचना लहान करून ९ मिमीत बसवली, आणि १९६६ मध्ये पश्चिम जर्मन पोलिसांनी ती एमपी५ या नावाने घेतली. साठ वर्षं होत आली, आतलं यंत्र तेच आहे. म्हणूनच आजही सुटे भाग मिळतात, आणि दुरुस्त करणाऱ्यालाही ही बंदूक परकी वाटत नाही.

आता चेंबर. एमपी५ च्या नळीतून गेलेली रिकामी पुंगळी उचलून उजेडात धरा. तिच्या अंगावर तोंडापासून खालपर्यंत उभे काळे पट्टे दिसतील, समान अंतरावर, जणू कुणी पेन्सिलने आखलेत. चेंबरच्या भिंतीत उभ्या चिरा कोरलेल्या असतात, त्यांचे हे ठसे. दाब असतानाच पुंगळी मागे सरकायला लागते. ती भिंतीला चिकटून राहिली तर बूड तुटून हातात येईल. चिरांतून थोडा वायू पुंगळीच्या बाहेरच्या अंगाने मागे येतो, आत-बाहेर दाब सारखा होतो आणि पुंगळी सुटते. हे पट्टे म्हणजे चिरा मोकळ्या असल्याची रोजची पावती. मी नेहमी पहिल्या आणि शेवटच्या मॅगझिनच्या पुंगळ्या बघते. पट्टे पुसट किंवा अर्धवट व्हायला लागले की चेंबर साफ करायची वेळ झाली.

म्हणूनच या बंदुकीत उघड्या शिशाची गोळी वापरू नका. शिसं आणि त्याच्यावरचं मेण चिरांमध्ये भरतं आणि मग ते काढताना जीव जातो. तांब्याचं आवरण असलेली गोळीच घ्या. आणि चेंबर कोरडं ठेवा. तेलाने पुंगळी भिंतीवर सरकते आणि जो भार भिंतीने घ्यायचा तो बोल्टवर येतो. तेल हवं ते रोलरांवर एक-एक थेंब आणि कॅरियर जिथे घासतो तिथे पुसटसं. बस्स. ह्यूस्टनच्या दमट हवेत लोक सगळीच बंदूक तेलात बुडवून ठेवतात. तसं करू नका. तिजोरीत ओल शोषणारी पुडी किंवा छोटा हीटर ठेवलात तर बाहेरच्या अंगाला गंज येत नाही.

आता बोल्ट गॅप.

बोल्ट पूर्ण बंद असताना बोल्ट-हेडची मागची कड आणि कॅरियरची पुढची कड यांच्यामध्ये एक बारीक फट राहायला हवी. एमपी५ घराण्यात ती ०.२५ ते ०.४५ मिमी असावी. ही फट सांगते की पाचर रोलरांच्या मधे पूर्ण घट्ट बसलीय. रोलर, पाचर आणि ट्रनियनच्या खाचा झिजत जातात तशी पाचर थोडी जास्त पुढे जाते आणि फट कमी होते. फट संपली की कॅरियर बोल्ट-हेडवर जाऊन टेकतो, पाचर पुढे सरकू शकत नाही, रोलर खाचेत नीट रुतत नाहीत. बाहेरून काहीच कळत नाही. बंदूक चालत राहते. पण ज्या उशिरावर सगळा मामला उभा आहे तो उशीर घटलेला असतो.

मोजायला लागतं ते फीलर गेज, दुचाकीचा टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तेच. कृती अशी: मॅगझिन काढा. बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. आसपास कुठेही काडतूस नको. मग बोल्ट पूर्ण मागून सोडा, हाताने हळू नेऊ नका. स्वतःच्या स्प्रिंगच्या जोराने तो बंद झाला पाहिजे, नाहीतर माप खोटं येतं. नळी सुरक्षित दिशेला ठेवून रिकाम्या चेंबरवर चाप ओढा, म्हणजे घोडा पडेल. आता बंदूक उलटी करून मॅगझिनच्या खळग्यातून आत बघा. बोल्ट-हेड आणि कॅरियरमधली फट समोर दिसते. ०.२५ चं पातं घाला. ते सहज जायला हवं. मग जाडी वाढवत न्या. जे पातं किंचित घासत जातं ते तुमचं माप. ०.२५ चं पातंच आत जात नसेल तर थांबा. गोळ्या झाडणं बंद.

नव्या बंदुकीत पहिल्या काही शे गोळ्यांत हा आकडा थोडा उतरतो आणि मग स्थिर होतो. रोलर आणि खाचा एकमेकांना जुळवून घेतात. त्यामुळे नवी आणल्यावर एकदा, भाग जुळले की एकदा, आणि पुढे वर्षातून एकदा मोजून वहीत लिहून ठेवा. माझ्या एचके९४ चा आकडा वर्षानुवर्षं जागचा हललेला नाही. एखाद्या बंदुकीचा आकडा झपाट्याने उतरत असेल तर समजा कुठला तरी भाग मऊ आहे. पोलादाला उष्णतेची प्रक्रिया नीट मिळालेली नाही.

फट कमी झाली म्हणजे बंदूक गेली असं नव्हे. थोडे मोठे रोलर मिळतात, मूळ मापापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी जाड; अधिक २, अधिक ४ अशा खुणांनी विकले जातात. मोठे रोलर बसवले की फट वाढते. रोलर कायम जोडीने बदलायचे. पण याला मर्यादा आहे. सगळ्यात मोठे रोलर आधीच बसवलेले असतील आणि तरी फट कमी असेल तर झीज ट्रनियनमध्ये आहे, आणि ट्रनियन शरीराला वेल्ड केलेला असतो. ते काम घरी करायचं नाही आणि बहुतेकदा किमतीत परवडतही नाही.

इथे एक लबाडी सांगून ठेवते, कारण तुम्ही वापरलेली प्रत बघताय. काही जण बोल्ट-हेडची मागची कड ग्राइंडरवर घासून फट वाढलेली दाखवतात. गेजवर आकडा छान येतो, पण पाचर आणि रोलर होते तिथेच असतात. म्हणून माप घेतल्यावर बोल्ट बाहेर काढा आणि ती कड भिंगाखाली बघा. कारखान्याची कड गुळगुळीत आणि फिनिशच्या एकाच रंगाची असते. उघडं चकचकीत पोलाद, आडवे ओरखडे, एका बाजूला कमी-जास्त घासलेलं काही दिसलं तर त्या बंदुकीला हात लावू नका, किंमत काहीही असो.

बोल्ट परत बसवताना नवा माणूस हमखास अडकतो. रोलर बाहेर आलेले असतील तर बोल्ट शरीरात शिरतच नाही. बोल्ट-हेड किंचित पुढे ओढून रोलर आत, कडेशी सपाट झालेत याची खात्री करा, मग सरकवा. ढकलाढकली केलीत तर आतल्या पत्र्यावर चरे पडतात.

बाकी झिजणारे भाग. पहिला मान एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, स्प्रिंगचा. ती थकली की पुंगळ्या एका जागी पडायच्या सोडून चहूकडे उडायला लागतात, एखादी दारात अडकते. गंमत अशी की या रचनेत गोळी सुटल्यावर पुंगळी वायूच्या जोरानेच मागे येते, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर दुबळा असूनही बंदूक बराच काळ कशीबशी चालत राहते आणि मालकाला पत्ता लागत नाही. खरी अडचण न फुटलेलं काडतूस बाहेर काढताना येते. स्प्रिंग काही डॉलरची आहे. दोन आणून ठेवा. बोल्टला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग हळूहळू आखूड होते. नव्या स्प्रिंगच्या शेजारी ठेवून बघितली की लगेच कळतं. रोलरांवर सपाट डाग किंवा टवका दिसला तर बदला. लॉकिंग पीसच्या टोकाशी केसाएवढी चीर पडते का ते भिंगाने बघत चला, विशेषतः सप्रेसर (नळीच्या टोकाला लावायचं आवाज दाबणारं नळकांडं) लावून चालवत असाल तर.

सप्रेसरवर दोन शब्द. एसपी५ च्या नळीवर आटे आहेत आणि तीन खुंट्यांची जुनी जोडणीही आहे, त्यामुळे सप्रेसर लावणं सोपं. पण सप्रेसर मागचा दाब जास्त वेळ टिकवतो, बोल्ट जोरात मागे येतो, वायू डोळ्यांत आणि काजळी सगळीकडे जाते. त्यासाठी ८० अंशांचा लॉकिंग पीस मिळतो. तो उघडणं आणखी लांबवतो. जे लोक सप्रेसर कायम लावूनच ठेवतात त्यांनी तो जरूर घ्यावा. कधी लावता, कधी काढता, तर हलक्या काडतुसावर सप्रेसरशिवाय बंदूक अडखळू शकते. मी मूळचाच ठेवलाय.

गोळ्यांमध्ये १२४ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) पूर्ण जोराची, नाटो मापाची काडतुसं हिला सगळ्यात मानवतात. स्वस्त ११५ ग्रेनची मिळमिळीत काडतुसं नव्या घट्ट बंदुकीत कधी कधी अडकतात. काही मॅगझिन झाल्यावर तीही चालायला लागतात. नव्या मालकाला ‘बंदूक खराब निघाली’ असं वाटतं ते बरेचदा इथेच. आधी काडतूस बदला, मग निष्कर्ष काढा. मॅगझिन मात्र मूळ कंपनीचंच, पोलादी, वाकडं घ्या. १९७७ पर्यंत सरळ मॅगझिन होती. वाकडी आली तेव्हापासून काडतुसं सुरळीत चढतात. जुन्या मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, पसरलेत का बघा. अडकण्याच्या बहुतेक तक्रारी तिथून सुरू होतात, बोल्टपासून नव्हे.

हाताळायला ही बंदूक आजच्या हिशेबात गैरसोयीची आहे, आणि ते तुम्हाला आधी माहीत असायला हवं. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे उघडा राहत नाही. चाप ओढल्यावर नुसताच ‘टक’ येतो. बोल्ट मागे ओढायचं कॉकिंग हँडल डाव्या बाजूला, पुढे, नळीच्या वर. बोल्ट बंद असताना भरलेलं तीसचं मॅगझिन घट्ट बसवणं जिकिरीचं. म्हणून एक तर हँडल मागे ओढून वरच्या खाचेत अडकवा आणि मग मॅगझिन लावा, किंवा अठ्ठावीसच काडतुसं भरा. मी दोन्ही करते. अडकवलेलं हँडल वरून थापट मारून सोडायची पद्धत सिनेमात छान दिसते आणि ती बंदुकीला चालते, पण जोर लावायची गरज नाही. बोटांनी खाचेतून उचकटलं तरी स्प्रिंग आपलं काम करते. वर्षानुवर्षं दणके घातलेल्या बंदुकांच्या कॉकिंगच्या नळकांड्याची (ज्यात हँडल सरकतं त्याची) खाच गोल झालेली मी पाहिलीय. चाप जड आणि लांब. पण निशाणीला डोळा लावल्यावर जे होतं त्यासाठी लोक हे सगळं सोसतात. बोल्ट हलका आणि शेवटी आदळण्याचा दणका कमी, त्यामुळे निशाणी लक्ष्यावरच बसून राहते. माझ्या वर्गात नवख्या मुली, हाडापेराने बारीक बायका साध्या ब्लोबॅकनंतर ही चालवतात तेव्हा खांदा सैल पडलेला मला बाजूने दिसतो. मागच्या निशाणीच्या फिरत्या ड्रमवर वेगवेगळ्या आकारांची भोकं आहेत. ती अंतरासाठी नाहीत, उजेडासाठी आणि डोळ्याच्या सोयीसाठी आहेत.

रंग जातो. हँडल जिथे घासतं तिथे, सिलेक्टरच्या (सुरक्षेच्या खटक्याच्या) भोवती, पट्ट्याच्या कड्यापाशी काळा थर उडून खालचा करडा दिसायला लागतो. ते झिजणं नव्हे. जुनी बंदूक बघताना रंगावर जाऊ नका.

आता कायदा, कारण आपल्या लोकांत इथे गोंधळ फार. तुमचं ग्रीन कार्ड आलंय, तेव्हा तुम्हाला बंदूक घेता येते. पण एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या तुमच्या मित्रांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगायची परवानगी नाही. वैध शिकारपरवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. रेंजवर भाड्याने घेऊन चालवतानाही हाच नियम लागतो. ‘फक्त दोन गोळ्या मारून बघ’ म्हणून मित्राच्या हातात देणं तुम्हालाही आणि त्याच्या इमिग्रेशनलाही महागात पडू शकतं. आई-बाबा भेटीला आले की त्यांना हौसेने रेंजवर नेणारे खूप आहेत. पाहुण्यांच्या व्हिसालाही हेच लागू.

एसपी५ कायद्याच्या दृष्टीने पिस्तूल आहे. तिच्यावर खांद्याला टेकवायचा दस्ता लावला की ती १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल ठरते आणि आधी संघीय नोंदणी लागते. त्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, सप्रेसरचाही. नोंदणी मात्र आहे तशीच. आधी मंजुरी, मग दस्ता. आणि चापाच्या यंत्रणेत कुठलीही ‘सुधारणा’ करायच्या फंदात पडू नका. १९८६ नंतर नागरिकांसाठी स्वयंचलित बंदुकांची नवी नोंदणीच बंद आहे, आणि हा गुन्हा तुरुंगवासाचा आहे.

घरात मुलं असतील तर हेही: निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर टेक्सासमध्ये तोही ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे. तिजोरी बंदुकीच्या आधी घ्या, नंतर नव्हे.

आणखी एक, भारतात जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका. तळाच्या शिवणीत एक काडतूस राहिलं आणि मुंबईच्या विमानतळावर ते स्कॅनरमध्ये दिसलं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. रेंजची बॅग वेगळी, तिचा रंगही वेगळा ठेवा.

आता तुमच्या तीन वाटा.

साधी ब्लोबॅक वाईट नाही. कधीतरी रेंजवर जायचं, काही मॅगझिन झाडून यायचं एवढाच बेत असेल तर तिच्यात काही कमी नाही. भाग कमी, साफ करायला सोपी. पण तुमच्या पत्रावरून वाटतं की मन एमपी५ वर आहे, आणि तसं असेल तर ब्लोबॅक घेऊन वर्षभरात ती विकाल. मी हे पुष्कळांबाबत पाहिलंय.

नवी एसपी५ साधारण ३,००० डॉलरच्या आसपास जाते. जास्तीचे पैसे कशाचे? वेल्डिंग सरळ, पुढची निशाणी नळीवर सरळ उभी, कॉकिंगचं नळकांडं नळीला न टेकणारं, पोलादाची प्रक्रिया भरवशाची, आणि गॅप कारखान्यातूनच मधल्या मापावर. विकायला गेलात तर किंमतही फारशी पडत नाही. तुम्ही महिन्यातून एक-दोनदा रेंजवर जाणार असाल आणि ही बंदूक पुढची कित्येक वर्षं ठेवणार असाल, तर माझं मत हिलाच.

तुर्की कारखाना जर्मन परवान्याखाली एमपी५ बनवत आलाय, त्यामुळे ती प्रत कमअस्सल आहे असं मुळीच नाही. माझ्याकडे आलेल्या काही तुर्की बंदुका जर्मनच्या बरोबरीने चालल्यात. फक्त एका बंदुकीपासून दुसरीपर्यंत फरक जास्त असतो, म्हणून मॉडेलवर भरवसा न ठेवता समोरची बंदूक तपासायची. मागून बघा, पुढची निशाणी एका बाजूला कललीय का. ते घरी सुधारत नाही. नळी आणि कॉकिंगच्या नळकांड्याच्या मधून कागद सरकवून बघा, तो चहूकडून मोकळा फिरायला हवा. विक्रेत्याला विचारा, रोलर मूळ मापाचे आहेत की मोठे, आणि कधी बदलले. सप्रेसर लावून किती चालवली. मॅगझिन मूळ आहेत की नाही.

मग तुमचं स्वतःचं फीलर गेज काढा. विक्रेत्याचं वापरू नका. ०.३० च्या वर असेल, रोलर मूळ मापाचे असतील आणि बोल्ट-हेडची कड स्वच्छ असेल, तर नव्या जर्मनच्या निम्म्या किमतीपर्यंत खुशाल घ्या, आणि वाचलेल्या पैशांत मूळ मॅगझिन, दोन एक्स्ट्रॅक्टर स्प्रिंगा आणि १२४ ग्रेनच्या काही पेट्या आणा. ०.२५ ते ०.३० च्या मधे असेल तर रोलर बदलायचे पैसे किमतीतून कापून मागा. ०.२५ च्या खाली असेल आणि आत आधीच मोठे रोलर असतील, तर उठून या. आणि बोल्ट बाहेर काढू द्यायलाच विक्रेता तयार नसेल तर गेज बाहेर काढायचीही गरज नाही.